बंदिवासातले गाणे : मुलांना शिकवताना आम्ही काय शिकलो



प्रायश्चित्तकाळात कधीकधी आपण १३७वे स्तोत्र ऐकतो. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले यहुदी बंदिवान रडत आहेत. त्यांनी आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवल्या आहेत. ज्यांनी त्यांना घरादारातून ओढून आणले तेच आता त्यांना म्हणतात, तुमच्या देशाचे एखादे गाणे म्हणा, आमची करमणूक करा. बंदिवान विचारतात, परक्या भूमीत आम्ही परमेश्वराचे गाणे कसे गावे?

हे स्तोत्र आपण प्रतिसादात म्हणतो आणि पुढच्या वाचनाकडे वळतो. आमचेही तसेच होते. गेल्या वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात जे घडले, त्यानंतर मात्र त्या स्तोत्रातला प्रश्न आमच्या मनातून जात नाही. म्हणून आपल्या धर्मग्रामातील पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी हा लेख आम्ही लिहीत आहोत.

आमची चूक

२७ जानेवारी १९४५ रोजी ऑशवित्झची छळछावणी मुक्त झाली. संयुक्त राष्ट्रसंघाने २००५ साली हा दिवस नाझींच्या वंशसंहारात बळी पडलेल्यांच्या स्मरणासाठी ठरवला. त्या निमित्ताने नववी-दहावीच्या मुलांना काही शिकवावे असे आम्हांला वाटले. मुलांना गाणे आवडते, म्हणून संगीतापासून सुरुवात करू असे ठरले. ‘ब्रुंडिबार’ या बालसंगीतिकेतले शेवटचे विजयगीत आम्ही मिळवले आणि वर्ग सुरू होताच लावले. चाल आनंदी, ठेका सोपा. मुलांनी लगेच टाळ्यांचा ताल धरला.

गाणे संपल्यावर आम्ही सांगितले की, हे गाणे गाणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना पुढे ठार मारण्यात आले. वर्ग एकदम गप्प झाला. एक मुलगी रडू लागली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “टीचर, मग तुम्ही आम्हांला टाळ्या का वाजवू दिल्या?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही मुलांना धक्का दिला होता, शिकवले काहीच नव्हते. त्या मुलाचे आम्ही आभार मानतो. या वर्षी आम्ही धडा नव्याने बांधला. त्यासाठी आधी आम्हांलाच अभ्यास करावा लागला. तो असा.

तेरेझीनची मुले

आजच्या चेक प्रजासत्ताकात प्राग शहराच्या वायव्येस तेरेझीन नावाचे तटबंदीचे गाव आहे. सम्राट जोसेफ दुसरा याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ते बांधले आणि आपली आई मारिया थेरेसा हिचे नाव त्याला दिले. नाझींनी नोव्हेंबर १९४१ पासून या गावाचा यहुदी लोकांसाठी तुरुंग केला. मे १९४५ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजार यहुदी तेथे आणले गेले. त्यांपैकी सुमारे ३३ हजार तेथेच भूक, रोगराई व हालअपेष्टांनी मेले. सुमारे ८८ हजारांना आगगाडीने पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांत, मुख्यतः ऑशवित्झला, धाडण्यात आले.

या बंदिवानांत संगीतकार होते, वादक होते, संगीत शिक्षक होते. हान्स क्रासा हे त्यांपैकी एक. त्यांनी १९३८ साली ‘ब्रुंडिबार’ लिहिली होती. शब्द आडोल्फ होफमाइस्टर यांचे. कथा साधी आहे. आनिंका आणि पेपिचेक ही बापाविना वाढणारी भावंडे. आई आजारी आहे, तिला दूध हवे, पण पैसे नाहीत. बाजारात गाऊन पैसे मिळवावे म्हणून ती जातात, तर ब्रुंडिबार नावाचा पेटीवाला त्यांना हुसकावून लावतो. चिमणी, मांजर, कुत्रा आणि गावातली मुले त्यांच्या मदतीला येतात. सगळी मिळून गातात, दुधापुरते पैसे जमतात. दांडगा पेटीवाला ते चोरतो आणि शेवटी पकडला जातो.

प्रागच्या यहुदी अनाथाश्रमातील मुलांनी ही संगीतिका आधी बसवली होती. पुढे संगीतकार, दिग्दर्शक आणि मुले असे सगळेच तेरेझीनला आले. क्रासा यांनी छावणीत जी वाद्ये आणि जे वादक मिळाले त्यांच्यासाठी संगीत पुन्हा लिहून काढले. २३ सप्टेंबर १९४३ रोजी तेथे पहिला प्रयोग झाला. नंतर आणखी होत गेले, एकूण ५५. पात्रे मात्र तीच राहत नव्हती. गाडी आली की काही मुले जात. दुसरी मुले त्यांचे काम शिकत. पुन्हा गाडी येई.

मांजरीचे काम करणारी एला वाइसबर्गर अकरा वर्षांची असताना तेरेझीनला आली होती. ती वाचली. म्हातारपणापर्यंत ती शाळाशाळांतून ही हकीकत सांगत असे. रंगमंचावर असेपर्यंत अंगावरचा पिवळा तारा काढून ठेवता येई, तेवढा वेळ आपण इतर मुलांसारखी असू, असे तिने सांगितले आहे. २०१८ साली ती वारली.

तेच गाणे मारेकऱ्यांच्या कामी

येथपर्यंत ऐकून मुलांना वाटते, गाण्याने मुलांना धीर दिला, छान झाले. ते खरेही आहे. पण येथे थांबलो तर आपण अर्धेच सांगितले असे होईल.

२३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे आणि डेन्मार्कचे प्रतिनिधी तेरेझीन पाहायला आले. त्याआधी नाझींनी गाव रंगवले, फुलझाडे लावली. गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात सुमारे साडेसात हजार माणसे ऑशवित्झला पाठवून दिली. पाहुण्यांना ‘ब्रुंडिबार’चा प्रयोग दाखवण्यात आला. मुले छान गायली. पाहुणे परत गेले आणि जे दाखवले गेले त्यामागचे सत्य बाहेर आले नाही. त्याच उन्हाळ्यात नाझींनी तेथे चित्रपटही काढला. त्यातही ही गाणारी मुले आहेत.

चित्रीकरण उरकले आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून गाड्या सुटू लागल्या. १६ ऑक्टोबर १९४४ च्या गाडीत हान्स क्रासा होते, व्हिक्टर उल्मन होते, पावेल हास होते. तिघांनाही ऑशवित्झला पोहोचताच ठार करण्यात आले. आणि मुलांपैकी फारच थोडी वाचली.

१३७व्या स्तोत्रातली मागणीच येथे पुन्हा ऐकू येते. तुमचे गाणे म्हणा, आमच्या कामी येऊ द्या. म्हणूनच मुलांना आम्ही आता तीन प्रश्न विचारायला शिकवतो. हे गाणे कोणी म्हटले? कोणी म्हणायला लावले? कोण ऐकत होते? एकच गाणे संध्याकाळी छपराखालच्या खोलीत उपाशी मुलांची भाकर होते आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर तेच खोट्याचे पांघरूण होते. त्यात गाणाऱ्या मुलांचा काहीही दोष नाही.

ऑशवित्झमध्ये तर याहून कठीण गोष्ट घडली. तेथे १९४३ साली स्त्री कैद्यांचे वाद्यवृंद पथक उभे केले गेले. ऑगस्टपासून आल्मा रोझे त्याचे संचालन करीत. त्या थोर संगीतकार गुस्ताव मालेर यांची भाची. सकाळी कैद्यांच्या टोळ्या कामाला जात आणि संध्याकाळी थकून, कधी मृतांना उचलून परत येत, तेव्हा फाटकाजवळ या बायकांना संचलनाच्या धून वाजवाव्या लागत. वाजवणाऱ्यांचा जीव त्यामुळे वाचत होता. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना ते संगीत नकोसे होते. आल्मा एप्रिल १९४४ मध्ये छावणीतच मरण पावल्या, पण त्यांच्या पथकातील बहुतेक बायका जगल्या. त्यांनी वाजवायला नको होते, असे कोणी म्हणू शकेल काय? मुलांसमोर आम्ही निवाडा करीत नाही. ज्यांना निवड करण्याचा अधिकारच उरला नव्हता, त्यांचा निवाडा करणे आपले काम नव्हे.

यहुदी ओठांवर आपली मिस्सा

आपल्या गायनमंडळाला जवळची वाटेल अशी एक हकीकत आहे. जुझेप्पे वेर्दी यांनी १८७४ साली मृतांसाठीच्या मिस्साला लॅटिन शब्दांवर मोठे संगीत दिले. तेरेझीनमध्ये राफाएल शेख्टर या तरुण संचालकाने तेच बसवायचे ठरवले. सुरुवातीला वृंदात सुमारे दीडशे गायक होते. स्वरलिपीची एकच प्रत होती. दिवसभर राबून आलेल्या माणसांनी लॅटिन शब्द आणि चाली तोंडपाठ केल्या. गाड्यांतून गायक जात, वृंद विस्कटे, शेख्टर नव्या गायकांना घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत. असे सोळा प्रयोग झाले.

छावणीतल्याच काही यहुदी लोकांना हे पटले नाही. आपण यहुदी असताना कॅथलिकांची मिस्सा का गावी, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. गाणाऱ्यांना मात्र त्या शब्दांत आपल्या मनातले सापडत होते : न्यायाचा दिवस येणार आहे, काहीही लपून राहणार नाही, आणि प्रभो, आम्हांला सोडव. १६ ऑक्टोबरच्या गाडीने शेख्टरही गेले. ते परतले नाहीत.

येथे पालकांना एक विनंती. ही हकीकत सांगताना ‘बघा, शेवटी त्यांनी आपली प्रार्थना म्हटली’ असा सूर लावू नये. ती माणसे यहुदी म्हणून जगली आणि यहुदी म्हणूनच मारली गेली. त्यांचे दुःख आपल्या नावावर करून घेण्याचा आपल्याला हक्क नाही. उलट ज्या ख्रिस्ती देशांत हे घडले, तेथे शतकानुशतके यहुद्यांविषयी काय शिकवले गेले हे आपण विचारावे. आपल्या गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांविषयी एक अपमानकारक शब्द होता. पोप जॉन तेविसावे यांनी १९५९ साली तो काढून टाकला. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की, प्रभूच्या मृत्यूचा दोष सर्व यहुद्यांवर लादता येत नाही. जे शब्द आपण वेदीपुढे म्हणतो, तेही तपासावे लागतात.

मेसियाँ आणि संत कोल्बे

मग आपल्या माणसांची उदाहरणे सांगूच नयेत काय? सांगावीत, पण आहेत तशी सांगावीत.

ऑलिव्हिए मेसियाँ हे पॅरिसच्या पवित्र त्रैक्याच्या चर्चचे ऑर्गनवादक, श्रद्धावान कॅथलिक. १९४० साली ते फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या हाती सापडले. ग्योर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो वाजवणारे तीन कैदी त्यांच्यासोबत होते. मेसियाँ यांनी पियानो धरून या चार वाद्यांसाठी ‘काळाच्या अंतासाठीचे चतुष्क’ लिहिले. प्रेरणा प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायातील देवदूताची. १५ जानेवारी १९४१ रोजी कडाक्याच्या थंडीत कैद्यांसमोर ते वाजवले गेले. पुढे मेसियाँ सांगत की श्रोते पाच हजार होते आणि चेलोला तीनच तारा होत्या. चेलो वाजवणाऱ्या पास्किए यांनी मात्र सांगितले, तारा चारही होत्या. सभागृहात बसतील इतकेच, म्हणजे काही शेकडा श्रोते होते असे अभ्यासक म्हणतात. मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. खरी गोष्ट पुरेशी मोठी असते, तिला वाढवण्याची गरज नसते. आणि युद्धकैद्यांची छावणी व मृत्युछावणी यांत फरक आहे, हेही सांगतो. मेसियाँ घरी परतले, क्रासा परतले नाहीत.

संत मॅक्सिमिलियन कोल्बे आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. जुलै १९४१ च्या अखेरीस ऑशवित्झमध्ये दहा जणांना उपाशी मारण्याची शिक्षा झाली, तेव्हा बायकामुले असलेल्या एका कैद्याच्या जागी ते स्वतः पुढे झाले. त्या तळघरातून प्रार्थना आणि मरियामातेची गीते ऐकू येत, अशी साक्ष तेथे काम करणाऱ्या एका कैद्याने दिली. आवाज दिवसेंदिवस क्षीण होत गेले. १४ ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन फादरांना मारण्यात आले. त्या गाण्याला कोणी श्रोता नव्हता, टाळ्या नव्हत्या. तुरुंगात मध्यरात्री स्तोत्रे गाणाऱ्या पौल आणि सीला यांच्या रांगेतले ते गाणे होते.

जेव्हा गाणेच द्वेष शिकवते

धड्याचा सर्वांत अवघड भाग हा आहे. संगीत नेहमी बळी पडणाऱ्यांच्याच बाजूने असते असे नाही.

१९९४ साली एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत रुआंडा देशात काही लाख तुत्सी माणसे मारली गेली. त्यांना वाचवू पाहणारे हुतूही मारले गेले. रुआंडाचे बहुसंख्य लोक ख्रिस्ती, त्यांत कॅथलिक सर्वाधिक. मारणारे आणि मरणारे एकाच चर्चमध्ये एकाच गायनमंडळात गाणारे होते. न्तारामा, न्यारुबुये, न्यांगे या ठिकाणी आश्रयासाठी आलेल्या लोकांची चर्चमध्येच कत्तल झाली. न्यांगेच्या प्रकरणात एका धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जन्मठेप दिली. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या व तिच्या सदस्यांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली.

त्या काळात एक रेडिओ केंद्र दिवसभर लोकप्रिय गाणी लावी आणि मधूनमधून द्वेष पसरवी. सिमोन बिकिंदी या गायकाची गाणी त्यावर सतत वाजत. चाली सुरेख होत्या. लोक कामे करता करता त्या गुणगुणत. या गाण्यांचा प्रचारासाठी वापर झाला असे न्यायालयाने २००८ साली नोंदवले. पण शिक्षा गाण्यांसाठी झाली नाही. गाडीवरच्या लाउडस्पीकरवरून लोकांना मारण्याची चिथावणी दिली म्हणून त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली.

हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, “टीचर, सहलीच्या बसमध्ये आपण शेजारच्या वस्तीवरचे ते गाणे म्हणतो ना, ते चालते का?” ते गाणे आम्हांलाही माहीत होते. त्यात त्या लोकांच्या रंगाची, बोलण्याची टिंगल होती. बसमध्ये ते म्हटले गेले तेव्हा आम्ही पुढच्या बाकावर बसून हसलो होतो.

बसमधले टिंगलीचे गाणे म्हणजे रुआंडा नव्हे. असे म्हणणे मेलेल्यांचा अपमान होईल. पण तालावर हसत हसत दुसऱ्याला कमी लेखायची सवय कशी लागते, हे त्या मुलीला कळले आणि आम्हांलाही कळले. ते गाणे आता आमच्या बसमध्ये होत नाही.

आपल्या मातीतलेही एक सांगतो. गोव्याच्या धर्मन्यायालयाने १७३६ साली फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्यांच्या लग्नातल्या ओव्या आणि जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. तो वंशसंहार नव्हता, पण एखाद्या समाजाचे गाणे हिरावून घेणे म्हणजे काय, हे त्यातून मुलांना समजते. आपल्या आज्या-पणज्यांची लग्नगीते आज कोणाला येतात, हे त्यांनी घरी जाऊन विचारावे.

धडा कसा घ्यावा

आमच्या अनुभवातून काही गोष्टी मांडतो :

१. आठवीच्या खालच्या मुलांना हा विषय सविस्तर सांगू नये. प्रेतांची चित्रे कोणत्याही वयाला दाखवू नयेत.

२. आधी माणूस सांगावा, मग गाणे ऐकवावे. ऐकल्यावर दोन मिनिटे शांत बसावे. आम्ही उलटे केले होते.

३. मुलांना कैदी किंवा पहारेकरी बनवून नाटक करू नये. ते दुःख खेळायचे नाही.

४. आकड्यांबरोबर नावे सांगावीत. लाख मोठा आकडा आहे, पण मुलांच्या लक्षात राहते ती मांजर झालेली एला.

५. ‘शेवटी संगीताचा विजय झाला’ असे म्हणून धडा संपवू नये. गाण्याने आगगाड्या थांबल्या नाहीत. गाण्याने इतकेच केले की, ज्यांना नुसते क्रमांक करून टाकले होते, ती काही वेळ पुन्हा माणसे झाली.

६. शेवटी मुलांना बोलू द्यावे. उत्तर नसेल तर ‘आम्हांला माहीत नाही’ असे सांगावे.

वाचलेला एक सूर

या वर्षी धड्याच्या अखेरीस आम्ही एक धून ऐकवली. मुलांना ती अनोळखी होती, पण त्यांच्या आजीआजोबांना नक्की ओळखता आली असती. आकाशवाणीचे प्रसारण सुरू होताना व्हायोलिनवर वाजणारी ती धून. ती सर्वसाधारणपणे वॉल्टर काउफमन यांची रचना मानली जाते. ते बोहेमियातील यहुदी संगीतकार. हिटलरचे राज्य आल्यावर युरोपात आपल्याला जागा नाही हे ओळखून १९३४ साली ते मुंबईला आले, १९४६ पर्यंत येथे राहिले, आकाशवाणीत काम केले, आपले राग शिकले. ज्या देशातून ते निघाले, तेथे राहिलेल्या त्यांच्यासारख्यांना पुढे तेरेझीनच्या वाटेने जावे लागले. कोणीतरी एका निर्वासिताला दार उघडले, म्हणून तो सूर आपल्या घरात पहाटे वाजत राहिला. ऐकून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या वर्षीच्या त्या मुलाने पुन्हा एकदा लावायला सांगितले.

शेवटच्या भोजनानंतर प्रभू येशू आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असे शुभवर्तमानात आहे. अटकेच्या रात्री प्रभूच्या ओठांवर जी स्तोत्रे होती, ती त्याच्या यहुदी पूर्वजांची होती. पुढच्या वेळी १३७वे स्तोत्र वाचले जाईल तेव्हा प्रतिसाद देण्याआधी क्षणभर थांबू या.

कुटुंबात चर्चेसाठी

• आपल्या घरात, लग्नात, सहलीत म्हटली जाणारी कोणती गाणी कोणाला तरी दुखावतात?
• जबरदस्तीने गायला लावलेल्या माणसाविषयी आपल्याला काय वाटते?
• आपल्या दारी आलेल्या परक्याला आपण कसे वागवतो?

प्रार्थना

हे प्रभो, ज्यांचे गाणे अर्ध्यावर तोडले गेले त्या सर्वांना तुझ्या सान्निध्यात विसावा दे. आमच्या ओठांवरून कोणाच्याही तिरस्काराचा सूर निघू देऊ नकोस. आमच्या मुलांना ऐकण्याचे कान दे, आणि प्रश्न विचारण्याचे धैर्य दे. आमेन.

— आपले, धर्मशिक्षण वर्गाचे शिक्षक